वेगळ्या पातेल्यातलं डाएट

ताई, नमस्कार.

मी 34 वर्षांची. साताऱ्यात शाहूपुरीत राहते, पतसंस्थेत नोकरी करते. उंची पाच फूट दोन इंच, वजन सध्या 68 किलो. दुसऱ्या बाळंतपणात वाढलेलं वजन उतरलंच नाही म्हणून मैत्रिणींबरोबर पहाटे चारभिंतीच्या टेकडीकडं चालायला लागले. चालता चालता धावायला लागले आणि यंदा भीत भीत सातारा हिल हाफ मॅरेथॉनला नाव घातलं.

त्यासाठी फोनवर मिळालेला एक डाएट चार्ट धरला. भाकरी, भात, साखर पूर्ण बंद. सकाळी ओट्स, दुपारी उकडलेल्या भाज्या, रात्री सॅलड आणि प्रोटीन पावडर. पहिल्या तीन आठवड्यांत चार किलो उतरले. मग घरात पुरणपोळ्या झाल्या, दोन खाल्ल्या, आणि चार दिवसांत काटा दोन किलोनं वर. तिथून सगळंच सुटलं. असं आतापर्यंत तीनदा झालंय.

गेल्या रविवारी यवतेश्वरच्या घाटात डोळ्यांपुढं अंधारी आली, कठड्यावर बसून राहिले. घरात सहा माणसं: सासू-सासरे, आम्ही दोघं, दोन मुलं. सासऱ्यांना शुगर आहे. सासूबाई माण तालुक्यातल्या, जेवणाच्या बाबतीत कडक. ‘तुझं हे वेगळं पातेलं अजून किती दिवस?’ असं विचारतात. मला दूध, अंडी चालतात, मटण-चिकन नको वाटतं. आता श्रावण तोंडावर आलाय. सोमवार आणि शनिवार, दोन्ही उपवास आमच्याकडं असतात, मागोमाग गणपती. माझ्यात निग्रहच नाही असं वाटायला लागलंय.

ता. क. पहाटे रिकाम्या पोटी धावावं की काही खाऊन?

– एक धावणारी सून, सातारा

*

सूनबाई,

निग्रहाचं नंतर बघू. आधी ती घाटातली अंधारी.

या आठवड्यात रक्त तपासून घ्या. हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे अंगातला लोहाचा साठा), बी-12, थायरॉइड आणि साखर एवढं तरी बघाच, आणि डॉक्टरांकडून बीपी मोजून घ्या. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांना रक्तक्षय असल्याचं आढळलं होतं. दोन बाळंतपणं झालेली, दर महिन्याची पाळी, रोजचं धावणं आणि त्यावर उकडलेल्या भाज्या असा हिशोब असेल तर तुमचा नंबर त्यात लागायला वेळ लागत नाही. हिमोग्लोबिन 12 च्या खाली असेल तर जगातला कुठलाही चार्ट तुम्हाला यवतेश्वर चढवणार नाही. लोहाच्या गोळ्या मात्र मैत्रिणीच्या सांगण्यावरून सुरू करू नका, डॉक्टरांनाच विचारा. रिपोर्ट येईपर्यंत सपाटीवर सावकाश धावा, चढ चालत चढा. आणि छातीत दुखणं, नको इतकी धडधड किंवा चक्क शुद्ध हरपणं यातलं काही झालं तर रिपोर्टची वाट न बघता डॉक्टर गाठायचे. पाळी लांबायला किंवा चुकायला लागली असेल तर तेही त्यांना सांगा. शरीराला मिळतंय त्यापेक्षा जास्त खर्च होतोय याची ती खूण असू शकते.

रिपोर्ट स्वच्छ आला तरी अंधारीचं दुसरं कारण तुमच्या चार्टमध्येच बसलेलं आहे. भाकरी-भातातल्या पिष्टाची साखर होते आणि तिचा साठा आपलं शरीर स्नायूंत आणि यकृतात ग्लायकोजेन म्हणून करून ठेवतं. मोठ्या माणसात हा साठा साधारण 400 ते 500 ग्रॅमचा. चढावर, दम लागेपर्यंत धावताना स्नायू प्रामुख्यानं हेच जाळतात. समर्थ मंदिर सोडलं की यवतेश्वरचा रस्ता दम खाऊ देत नाही, हे तुम्हाला मी काय सांगणार. आदल्या रात्री सॅलड आणि पहाटे काहीच नाही, अशा पोटानं तुम्ही तो चढ धरलात. कठड्यावर बसावं लागलं यात नवल नाही.

आता काट्याचं. हे नीट समजून घ्या, कारण तुमचा जीव इथंच अडकलाय. हे ग्लायकोजेन साठतं ते स्वतःच्या तिप्पट वजनाचं पाणी धरून. भाकरी-भात बंद केला की आठवड्याभरात तो साठा रिकामा होतो आणि साठा व पाणी मिळून दीड-दोन किलो निघून जातं. काटा खाली येतो, आपण खूश. मग एक दिवस पुरणपोळी पोटात जाते, पाठोपाठ चार दिवस साधं जेवण होतं, साठा पुन्हा भरतो आणि पाणी परत येतं. चरबीचा हिशोब वेगळा. एक किलो चरबी म्हणजे साधारण 7700 कॅलरी. चार दिवसांत दोन किलो चरबी चढवायची तर रोजच्या जेवणाच्या वर एकूण पंधरा हजार कॅलरी खाव्या लागतील. दोन पुरणपोळ्यांत तेवढं बळ नसतं, त्यांवर कितीही तूप ओता. म्हणजे ज्या दिवशी तुम्ही ‘सगळं वाया गेलं’ म्हणून हात टेकलेत, त्या दिवशी वाया काहीच गेलेलं नव्हतं. पाणी आपल्या जागी आलं होतं. खरं वजन वाढलं ते त्यानंतर, चिडून खाल्लेल्या आठवड्यांत.

काटा आठवड्यातून एकदाच बघा, ठरावीक वारी, सकाळी. पाळीच्या आसपास तो किलो-दीड किलो वर दिसला तर सोडून द्या. त्याच्या जोडीला कंबर मोजायची टेप ठेवा. आपल्याकडच्या बायकांसाठी कंबरेची मर्यादा 80 सेंटीमीटर धरतात. तिकडं जाणारा प्रवास काट्यापेक्षा टेपवर जास्त प्रामाणिक दिसतो.

आता सासूबाईंचा प्रश्न. ‘वेगळं पातेलं किती दिवस?’ तो त्यांनी टोमणा म्हणून विचारला असेल, पण तुमच्या तीनही अपयशांचं उत्तर त्यात आहे, असं माझं मत आहे.

तुमची संध्याकाळ डोळ्यांपुढं आणा. सहा-साडेसहाला पतसंस्थेतून घरी. मुलांचा अभ्यास. सहा माणसांचा स्वयंपाक, फोडणीचा वास नाकात. मग सगळ्यांना वाढून झालं की स्वतःसाठी काकड्या चिरायला घ्यायच्या. जानेवारीत हे जमतं. मार्चअखेरीला ऑफिसात उशीर होतो, धाकट्याला ताप येतो, पाहुणे येतात, आणि त्या रात्री सॅलड होत नाही. घरचं जेवण मात्र झालेलंच असतं, कारण ते सहा जणांसाठी व्हायचंच असतं. उशीर झालेल्या रात्री आयतं समोर असेल तेच माणूस खातं. यात निग्रह कुठं आला? पहाटे पाचला उठून चारभिंतीला जाणाऱ्या, नोकरी करणाऱ्या आणि रोज दोन-दोन स्वयंपाक करणाऱ्या बाईला निग्रह नाही असं म्हणायची हिंमत मी तरी करणार नाही.

तेव्हा मला सांगायचंय ते एवढंच: स्वतःसाठी वेगळं शिजवणं बंद करा आणि घरच्या पातेल्यात काय शिजतंय ते बदला. जे सहा जणांना चालतं तेच टिकतं. सासऱ्यांची शुगर, मुलांची वाढ आणि तुमचं धावणं, तिघांच्या गरजा तुम्हाला वाटतात तितक्या वेगळ्या नाहीत.

सुरुवात आमटीपासून. आपल्याकडची आमटी चवीला फक्कड, पण तिच्यात डाळ शोधावी लागते. वाटीभर डाळ म्हणजे साधारण सव्वाशे ग्रॅम. ती सहा जणांत वाटली की माणशी वीस ग्रॅम, त्यातून प्रोटीन जेमतेम पाच ग्रॅम. त्यावर आपण समजतो की आज डाळ खाल्ली. एका वाटीच्या जागी दोन वाट्या डाळ घाला, पाणी तेवढंच ठेवा. बास. पहिल्या पंधरवड्यात याखेरीज काहीही बदलू नका. कुणाच्या लक्षातही येणार नाही, आलं तरी ‘आज आमटी चांगली दाट झालीय’ एवढंच म्हणतील.

त्यापुढचं काम सासूबाईंवर सोपवा. माण-खटावच्या बाईला कडधान्य शिकवायला कुणी जायचं नसतं. हुलग्याचं म्हणजे कुळथाचं माडगं, हुलग्याचे शेंगोळे, मटकीची उसळ, लसूण-मिरची लावून घोटलेलं उडदाचं घुटं हे त्यांच्या माहेरचं खाणं आहे. दुष्काळी मुलखात पाऊस कमी, म्हणून हुलगा आणि मटकी पिकायची आणि लोक त्यावर डोंगर चढायचे. हुलग्यात शंभर ग्रॅमला वीस-बावीस ग्रॅम प्रोटीन असतं, शिवाय लोहही. घुट्याची डाळ सालासकट घेतलीत तर तंतूही मिळतात आणि सासऱ्यांची साखर जेवणानंतर एकदम उसळत नाही. कोरेगावचा वाघ्या घेवडा तर आपल्या घरचाच. 2016 मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्यातले किती जण तो विकत घेतात आणि किती जण परराज्यातला राजमा आणतात ते विचारू नका. रात्री भिजत घाला, सकाळी कुकरला लावा, रस्सा दाट ठेवा.

‘आई, तुमच्याकडं माडगं कसं करायचे हो?’ एवढं विचारून बघा. ज्या स्वयंपाकघरात तुमचं ब्रोकोलीचं पातेलं खुपत होतं तिथं हुलगा दळून आणायची घाई त्यांनाच होईल. याला कुणी राजकारण म्हणेल. म्हणू दे. मला विचाराल तर तुमच्या फिटनेसमध्ये सासूबाईंचा सहभाग हा प्रोटीन पावडरीपेक्षा मोलाचा आहे. फक्त सासऱ्यांना शुगरबरोबर किडनीचा काही त्रास असेल तर त्यांच्या ताटातली डाळ वाढवण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा.

पावडरीवरून आठवलं. उरलेला डबा टाकून देऊ नका, दुधात घालून संपवा. त्यावर एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, परवाना क्रमांक आहे ना, तेवढं बघा. पुढचा डबा आणायची गरज आहे का, ते आकड्यांत मांडून दाखवते. आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशोबानं साध्या निरोगी माणसाला किलोमागे 0.83 ग्रॅम प्रोटीन लागतं, म्हणजे तुम्हाला 56 ग्रॅम. तुम्ही धावता आणि वजनही उतरवताय, म्हणून किलोमागे 1.2 धरू. झाले 80 च्या आसपास. सकाळी दोन अंडी, 12. दिवसभरात दोन पेले मिळून अर्धा लिटर दूध, 16. वाटीभर दही, 5. दोन्ही वेळा ती नवी दाट डाळ किंवा उसळ, 18. ज्वारीच्या तीन भाकरी, 15. मूठभर शेंगदाणे, मग ते भाजून खा नाहीतर चटणी-कुटातून, 7. इथंच 73 झाले. सकाळचे पोहे, रात्रीचा भात आणि भाजी यांतून राहिलेलं येतं. बघा, यात एकही पदार्थ असा नाही जो तुमच्या घरात आज नाही.

त्या हिशोबात मी तीन भाकरी धरल्यात, हे तुमच्या लक्षात आलं असेल. भाकरी परत आणा. राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2024 मध्ये जे आहाराचे नियम सांगितले, त्यात 2000 कॅलरीच्या दिवसाला 250 ग्रॅम धान्य धरलंय. पिठाच्या हिशोबानं ते पाच भाकऱ्यांएवढं होतं. तुम्हाला वजन उतरवायचंय म्हणून तीन भाकरी, सकाळचे पोहे आणि थोडा भात यात बसवू. लांब धावणं असेल त्याच्या आदल्या रात्री भात मोकळ्या हातानं घ्या. ज्या दिवशी धावणं नाही त्या दिवशी भात सोडलात तरी चालेल. सॅलडशी माझं वैर नाही, पण ताटात त्याची जागा कोशिंबिरीची. त्याच नियमांत दिवसाला 400 ग्रॅम भाजी सांगितलीय. ती मेथी, शेपू, पोकळा, घेवडा यांतून आरामात भरते.

मग कमी काय करायचं? हे मला सांगायलाच हवं, नाहीतर सगळं वाढवत नेलं आणि वजन उतरलं नाही म्हणून पुन्हा पत्र लिहाल.

पहिलं तेल. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण 27 ग्रॅम तेल-तूप, म्हणजे महिन्याला 800 ग्रॅम. तुमच्या घरात चार मोठे, दोन लहान. तूप धरून महिन्याचा खप साडेचार किलोच्या आत बसायला हवा. या महिन्याच्या वाण्याच्या बिलावर एकदा नजर टाका, काही बोलू नका. पाच किलोचा डबा वीस दिवसांत तळ गाठत असेल तर तुमची चरबी कुठून येतेय ते कळेल. पळीनं ओतण्याऐवजी चमच्यानं घालायचं, आणि तळण आठवड्यातून एकदा. हे सासऱ्यांच्या नावावर खपतं. तुमच्या नावावर खपणार नाही.

दुसरं चहा. पतसंस्थेत दिवसाला चहा किती होतो? मॅनेजरांचा, सभासदांबरोबरचा, चारचा, आणि घरी सकाळ-संध्याकाळचा. पाच कप, कपाला दोन चमचे साखर, म्हणजे चाळीस-पन्नास ग्रॅम साखर नुसत्या चहातून. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर दिवसाला 50 ग्रॅमच्या आत, जमलं तर 25 च्या आत ठेवायला सांगते. चहा तोडू नका, ऑफिसातलं निम्मं राजकारण त्यावर चालतं. कप तीन करा, साखर एक चमचा. आणि जेवणावर लगेच चहा नको, तासभर जाऊ दे, कारण चहातल्या टॅनिनमुळं जेवणातलं लोह नीट अंगी लागत नाही. डब्यातल्या उसळीवर लिंबू पिळलंत तर उलट जास्त लागतं. दहा रुपयांच्या लिंबानं एवढं होत असेल तर ते करायचं.

तिसरे पेढे. साताऱ्यात राहून, त्यातही पतसंस्थेत नोकरी करून, पेढा बंद म्हणणं हा वेडेपणा आहे. कर्ज मंजूर झालं की पेढे, मुलगा पास झाला की पेढे, नवी गाडी आली की मोती चौकातून बॉक्स घेऊनच सभासद आत येतो. कंदी पेढा समोर आला की एक घ्या, बसून, चवीनं खा. त्याच्याबरोबर चहा घेतलात तर बिनसाखरेचा. पेढा न खाता दिवसभर त्याच्याकडं बघत बसायचं आणि संध्याकाळी घरी येऊन पावशेर फरसाण संपवायचं, हा प्रकार मी अनेकींकडून ऐकलाय.

आणि चौथं, रविवारी धावून झाल्यावर पोवई नाक्यावर ग्रुपबरोबर होणारा नाश्ता. तुम्ही पत्रात लिहिलं नाहीत, पण होत असणारच. धावताना किलोमीटरमागे साधारण आपल्या वजनाएवढ्या कॅलरी खर्च होतात. तुम्ही आठ किलोमीटर धावलात तर साडेपाचशेच्या आसपास. दोन वडापाव आणि गोड चहा झाला की हिशोब मिटला, वर उधारीच. ग्रुप सोडू नका, त्याच बायकांमुळं तुम्ही पहाटे उठताय. मिसळ मागवा. कट कमी, मटकी जास्त, पाव एक. धावून आलेल्या स्नायूंना मटकीतलं प्रोटीन आणि पावातलं पिष्ट दोन्ही हवंच असतं.

आता श्रावण.

बहुतेक जणी श्रावणात धावणं तरी बंद करतात किंवा उपवास तरी मोडतात, आणि दोन्हींत स्वतःला अपराधी समजतात. तुमच्या बाबतीत वार कसे पडतायत ते बघा. लांबचं धावणं रविवारी, एक उपवास आदल्या दिवशी, दुसरा नंतरच्या दिवशी. वरवर बघता याहून वाईट योग नाही. पण हे दोन्ही उपवास आपल्याकडं संध्याकाळी सोडतात, ही जमेची बाजू.

शनिवारी दिवसभर फराळ आणि संध्याकाळी वरण-भात, भाजी, गोड असं पूर्ण ताट. रविवारच्या चढासाठी याहून चांगली तयारी तुम्हाला कुठल्या परदेशी चार्टमध्ये मिळणार नाही. आणि ज्या साबुदाण्याला मी एरवी नावं ठेवते, त्याला शनिवारी माफी. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट, प्रोटीन नावालाही नाही, पण दुसऱ्या दिवशी पंधरा किलोमीटर धावायचं असेल तर पिष्टच हवं. वर दाण्याचं कूट भरपूर घाला, तूप हात राखून.

सोमवारचं उलटं. आदल्या दिवशी स्नायू दमलेत, त्यांची डागडुजी चाललीय आणि नेमकं त्याच दिवशी ताटातून डाळी-उसळी गेल्या. सोमवारी साबुदाणा नको. भगर आणि दाण्याची आमटी करा, आमटी दाट. दुपारी वाटीभर दही, सकाळ-संध्याकाळ दूध, मधल्या वेळेला राजगिऱ्याची वडी किंवा लाडू. तुमच्याकडं उपवासाला पनीर चालत असेल तर फारच उत्तम, साठ-सत्तर ग्रॅम पनीर म्हणजे दोन अंड्यांची भरपाई. आणि रात्री उपवास सोडताना मुगाची उसळ ताटात हवीच, गोडाच्या आधी. सोमवारी धावायचं नाही, फार तर चाला. श्रावणभर अंडी बंद असतील, तेव्हा बाकी दिवशी मूठभर सोयाबीन वडी सुक्या भाजीत किंवा रश्श्यात टाका. कोरड्या तीस ग्रॅम वड्यांत पंधरा ग्रॅम प्रोटीन असतं.

पाणीही न घेता केला जाणारा उपवास मात्र धावण्याच्या दिवशी करू नका. इथं मी सासूबाईंचंही ऐकणार नाही.

गणपतीत मोदक खायचे. दोन मोदक घेतलेत तर त्या जेवणातला भात सोडा, एवढंच. दहा दिवस रोज घरोघरी प्रसाद असतो, तो हातात घ्यायचा आणि चिमूटभर तोंडात टाकून उरलेला मुलांना द्यायचा, हे तुम्हाला मी शिकवायला नको.

राहिलं शर्यतीचं. एकाच वेळी वजन झपाट्यानं उतरवायचं आणि 21 किलोमीटरचा डोंगरही चढायचा, हे दोन डगरींवर पाय ठेवण्यासारखं आहे. आठवड्याला पाव ते अर्धा किलो, त्याहून वेग नको. शर्यतीच्या आधीचे तीन आठवडे तर वजन उतरवायचं नावच काढू नका, पोटभर जेवा. दीड तासाच्या वर धावणं जात असेल तर वाटेत तासाला 30 ते 60 ग्रॅम पिष्ट किंवा साखर पोटात जायला हवी. त्यासाठी परदेशी जेलच्या पुड्या हव्यातच असं नाही. शेजारच्या सांगली-तासगावचे चाळीस ग्रॅम बेदाणे, म्हणजे बऱ्यापैकी मोठी मूठ, तीस ग्रॅमचं काम करतात. चढावर तुम्ही चालायला लागाल तेव्हा चावून खा, धावताना ठसका लागतो. लिंबू-मीठ-साखरेचं पाणी किंवा ओआरएसही चालेल. जे काही घेणार ते रविवारच्या सरावात घाटात आधी घेऊन बघा. शर्यतीच्या दिवशी कुणी मैत्रिणीनं प्रेमानं काही नवीन हातावर ठेवलं तर खिशात टाका आणि खाली आल्यावर खा.

आता तुमचा ता. क.

पाच-सहा किलोमीटर सावकाश धावायचं असेल आणि आदल्या रात्री नीट जेवला असाल तर रिकाम्या पोटी हरकत नाही, फक्त पेलाभर पाणी प्या. घाट असेल किंवा तासाच्या वर धावायचं असेल तर निघण्याआधी अर्धा तास एक केळं किंवा तीन-चार खजूर, चहा हवा तर अर्धा कप. शर्यतीच्या दिवशी मात्र दोन-अडीच तास आधी उठून दूध-पोहे किंवा जे तुमच्या पोटाला रोज मानवतं तेच खायचं. रक्ताचा रिपोर्ट आला की हिमोग्लोबिन आणि फेरिटिनचे आकडे मला कळवा. ते कमी निघाले तर यंदा नाव 21 किलोमीटरला ठेवायचं की नाही ते डॉक्टरांना विचारून ठरवू. शर्यत पुढच्या वर्षीही आहे, 2012 पासून भरतेय.